किल्लीची लांबी आणि खंडाची रुंदी

गुप्तलेखनाची एखादी पद्धती कितपत भरवशाची आहे, असा प्रश्न कोणी केला, तर त्याचे उत्तर आजकाल बहुधा एका आकड्यात दिले जाते. बँकांच्या माहितीपत्रकांत, संगणकांच्या जाहिरातींत, निरोप पाठवण्याच्या ॲपच्या परिचयात ‘२५६ बिट’ हे शब्द ठळक टंकात छापलेले आढळतात, आणि ते वाचणाऱ्याच्या मनात असा ग्रह दृढ होतो की, किल्ली जितकी लांब तितके गुपित अभेद्य. हा ग्रह निराधार नाही. परंतु तो अपुरा आहे, आणि त्या अपुरेपणाची किंमत मोठमोठ्या संस्थांना मोजावी लागली आहे. किल्लीच्या लांबीखेरीज आणखी दोन गोष्टींवर गुपिताचे भवितव्य अवलंबून असते: एका वेळी किती मजकूर एकत्र घेऊन त्याचे रूपांतर केले जाते ही एक, आणि असे अनेक तुकडे एकामागून एक आले असता त्यांची परस्परांशी गुंफण कशी केली जाते ही दुसरी. या तिन्हींचा संबंध सामान्य सुशिक्षित वाचकाला समजण्यास कठीण नाही. आणि ज्या काळात आपला पगार, आपल्या आजारपणाची कागदपत्रे आणि आपला खाजगी पत्रव्यवहार ही सर्व या रूपांतरावर विसंबून आहेत, त्या काळात तो समजून घेणे अगत्याचेही आहे.

प्रारंभी एक जुनी पद्धती विचारात घेऊ. इंग्रजी वर्णमालेतील २६ अक्षरांपैकी प्रत्येकाच्या जागी दुसरे एखादे अक्षर योजायचे, आणि ही अदलाबदल दर्शवणारे कोष्टक फक्त पाठवणारा व घेणारा यांच्याजवळ ठेवायचे, ही ती पद्धती. ते कोष्टक हीच तिची किल्ली. अशी कोष्टके किती संभवतात याचा हिशेब केला, तर ४ वर २६ शून्ये मांडावी इतकी मोठी संख्या येते; संगणकाच्या परिभाषेत ही सुमारे ८८ बिटांची किल्ली झाली. अमेरिकेच्या सरकारने १९७७ साली प्रमाण म्हणून जाहीर केलेल्या ‘डीईएस’ या पद्धतीची किल्ली अवघी ५६ बिटांची होती, म्हणजे तिच्या किल्ल्यांच्या संख्येहून या जुन्या पद्धतीच्या किल्ल्यांची संख्या अब्जावधी पटींनी अधिक भरते. असे असूनही या जुन्या पद्धतीने लिहिलेला पानभर मजकूर हाती पडला, तर चिकाटीचा विद्यार्थी कागद-पेन्सिल घेऊन तो एका दुपारी उलगडू शकतो. कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजावे, भाषेत ज्या अक्षराची वारंवारता सर्वांत अधिक ते सर्वाधिक वेळा आलेल्या चिन्हाशी जुळवावे, आणि असे करीत पुढे जावे, ही युक्ती बगदादच्या अल्-किंदी या पंडिताने नवव्या शतकातच लिहून ठेवली आहे. किल्ल्यांच्या त्या अफाट राशीला हातही न लावता शत्रू गुपितापर्यंत पोहोचतो, कारण ही पद्धती एका वेळी केवळ एकाच अक्षराचे रूपांतर करते, आणि तेच अक्षर पुन्हा आले की तेच चिन्ह पुन्हा उमटते.

या दोषावरील उपाय १८५४ साली चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने सुचवला. एकेक अक्षर न घेता अक्षरांची जोडी घ्यावी आणि संपूर्ण जोडीचे रूपांतर दुसऱ्या जोडीत करावे, हे त्याच्या योजनेचे सार; पुढे ती लॉर्ड प्लेफेअर यांच्या नावाने प्रसिद्धीस आली आणि ब्रिटिश सैन्याने ती वापरली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ही योजना २५ अक्षरांच्या चौकटीवर उभी असल्यामुळे तिच्या किल्ल्यांची संख्या जुन्या पद्धतीपेक्षा उलट कमीच आहे, आणि तरीही तिचा उलगडा कितीतरी अधिक श्रमाचा आहे. किल्ली आखूड झाली. खंड, म्हणजे एका वेळी रूपांतरित होणारा तुकडा, एका अक्षराचा होता तो दोन अक्षरांचा झाला. आणि बळ वाढले. ज्याला किल्लीचा आकार व खंडाचा आकार यांचा संबंध समजून घ्यायचा आहे, त्याने हे उदाहरण मनात पक्के धरून ठेवावे.

आधुनिक ब्लॉक सायफर ही याच विचाराची परिणती आहे. संगणकातील प्रत्येक मजकूर, मग तो पत्राचा असो, छायाचित्राचा असो वा हिशेबाचा, शून्य आणि एक यांच्या ओळीत मांडलेला असतो. ती ओळ ठराविक लांबीच्या खंडांत कापायची आणि प्रत्येक खंडाचे रूपांतर तितक्याच लांबीच्या दुसऱ्या खंडात करायचे, हे ब्लॉक सायफरचे काम. रूपांतर उलटवता आले पाहिजे, म्हणून दोन निरनिराळ्या खंडांचे उत्तर एकच येऊन चालत नाही. अर्थात एका किल्लीखाली जे घडते ते इतकेच की, खंडाच्या सर्व संभाव्य मूल्यांची एक विशिष्ट फेरमांडणी होते; किल्ली बदलली की फेरमांडणी बदलते. किल्ली म्हणजे कोणती फेरमांडणी वापरायची याची निवड, आणि खंड म्हणजे जिची फेरमांडणी करायची त्या यादीची लांबी. या दोन गोष्टी स्वभावतः स्वतंत्र आहेत.

हे एका लहानशा नमुन्यावर ताडून पाहता येते. समजा, खंड अवघ्या ३ बिटांचा आहे. तीन बिटांत ०००पासून १११पर्यंत आठच मूल्ये बसतात, आणि आठ मूल्यांच्या फेरमांडण्या एकंदर ४०,३२० होतात, एकही अधिक नाही. आता कोणी अशी बढाई मारली की, माझ्या या सायफरची किल्ली २५६ बिटांची आहे, तर त्या प्रचंड किल्लीसंग्रहातील असंख्य किल्ल्या निमूटपणे त्याच ४०,३२० फेरमांडण्यांपैकी कोणत्यातरी एकीवर येऊन पोहोचतील. शिवाय शत्रूला किल्लीची गरजच राहणार नाही: कोणत्या मूल्याचे काय होते हे आठ ओळींच्या कोष्टकात त्याने टिपून घेतले, की पुढचा सगळा पत्रव्यवहार त्याला उघड्या पुस्तकासारखा वाचता येईल. खंड ८ बिटांचा केला तर कोष्टक २५६ ओळींचे होईल, १६ बिटांचा केला तर ६५,५३६ ओळींचे. दोन्ही कोष्टके भरणे आजच्या संगणकाला क्षणाचे काम आहे. खंड ६४ बिटांचा झाला म्हणजे मात्र १८ वर १८ शून्ये इतक्या ओळी लागतात, आणि मग कोष्टक भरण्याचा विचार व्यवहारातून बाद होतो.

उलट बाजूनेही मर्यादा आहे. ६४ बिटांच्या खंडाच्या सर्व फेरमांडण्यांतून हवी ती निवडण्याची मुभा ठेवायची झाली, तर किल्लीच सुमारे २ चा ७०वा घात इतक्या बिटांची करावी लागेल. अशी किल्ली लिहून ठेवायला जगातली सगळी कपाटे अपुरी पडतील. म्हणून प्रत्यक्षातील प्रत्येक सायफर त्या अथांग राशीतून एक इवलासा अंश वेचून घेतो, आणि तो अंश असा वेचलेला असावा की पाहणाऱ्याला तो यदृच्छेने निवडल्याप्रमाणे भासावा, हे रचनाकाराचे कौशल्य. क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या कौशल्याची दोन सूत्रे सांगितली: किल्ली आणि कूटलेख यांचा संबंध शक्य तितका गुंतागुंतीचा असावा, आणि मजकुरातील एका अंशाचा परिणाम सबंध कूटलेखावर पसरावा. आजवरचे सारे ब्लॉक सायफर याच दोन सूत्रांवर उभे आहेत.

डीईएसचा जन्म आयबीएम या कंपनीत झाला. जर्मनीतून अमेरिकेत येऊन स्थायिक झालेले होर्स्ट फाइस्टेल यांनी तेथे ‘ल्यूसिफर’ या नावाने काही सायफर रचले होते. त्यांतूनच संस्कार होत होत डीईएस सिद्ध झाला. त्याचा खंड ६४ बिटांचा आणि किल्ली ५६ बिटांची ठरली. ल्यूसिफरच्या एका रूपाची किल्ली १२८ बिटांची असताना ती अशी कापली का, या प्रश्नावर तेव्हाच मोठा वाद झाला. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७७ साली हिशेब मांडून दाखवले की, सुमारे २ कोटी डॉलर खर्च करण्याची ऐपत असलेल्या सत्तेला सर्व किल्ल्या पडताळून पाहणारे यंत्र उभारता येईल. ७२ वर पंधरा शून्ये इतक्या त्या किल्ल्या; पण यंत्रांचा वेग वाढत गेला आणि किंमत घटत गेली. १९९८ साली इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने अडीच लाख डॉलरांहून कमी खर्चात बांधलेल्या यंत्राने डीईएसची किल्ली ५६ तासांत शोधून काढली, आणि किल्ली आखूड असल्याचा आक्षेप सर्वांसमक्ष सिद्ध झाला.

किल्ली आखूड असेल तर ती वाढवावी, हा विचार साहजिक होता. डीईएस दोनदा चालवला तर किल्ली ११२ बिटांची होईल असे वरकरणी वाटते. परंतु डिफी व हेलमन यांनीच दाखवून दिले होते की, शत्रू एका बाजूने मजकुरापासून व दुसऱ्या बाजूने कूटलेखापासून चालत आला, तर मध्यावर दोन्ही वाटा जुळतात आणि एकेरी डीईएसच्या जेमतेम दुप्पट श्रमांत त्याचे काम भागते, फक्त त्यासाठी त्याच्यापाशी अफाट साठवणूक हवी. म्हणून तिहेरी डीईएस आला: पहिल्या किल्लीने कूटलेखन, दुसरीने उलटे रूपांतर, तिसरीने पुन्हा कूटलेखन. तीन किल्ल्या मिळून १६८ बिट, आणि मधल्या वाटेचा धोका जमेस धरला तरी ११२ बिटांचे बळ शिल्लक राहिले. बँकांनी आणि व्यापारी संस्थांनी त्याचा मुक्तहस्ते स्वीकार केला. किल्लीचा प्रश्न सुटला. खंड मात्र ६४ बिटांचाच राहिला. तो का खुपणार होता हे कळण्यासाठी अगोदर खंडांच्या गुंफणीकडे वळले पाहिजे.

डीईएस चालवण्याच्या चार रीती अमेरिकेच्या मानक संस्थेने १९८० साली जाहीर केल्या. या रीतींनाच ‘मोड’ म्हणतात. त्यांतील सर्वांत साधी ‘इलेक्ट्रॉनिक कोडबुक’ अथवा ईसीबी. हिच्यात प्रत्येक खंड स्वतंत्रपणे सायफरमधून जातो आणि शेजाऱ्याशी त्याचा काही संबंध राहत नाही. साहजिकच एकाच किल्लीखाली तोच खंड पुन्हा आला की तेच उत्तर पुन्हा येते, म्हणजे अल्-किंदीने ज्या दोषाचा फायदा घेतला तोच दोष मोठ्या मापात परत अवतरतो. छायाचित्राचे कूटलेखन या रीतीने केले तर रंग बदलतात, पण आकृतीची बाह्यरेषा स्पष्ट ओळखू येते, कारण पार्श्वभूमीचे सगळे एकरंगी खंड एकाच नव्या खंडात परिवर्तित झालेले असतात.

या दोषाचे फळ २०१३ साली सर्व जगाने पाहिले. अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांच्या संकेतशब्दांची यादी चोरीस गेली. ते संकेतशब्द तिहेरी डीईएसने कूटबद्ध केलेले होते आणि चोरांबरोबर किल्ली बाहेर पडलेली नव्हती. किल्लीच्या लांबीवर भिस्त ठेवणाऱ्याला येथे निश्चिंत राहता आले असते. परंतु मोड ईसीबी होता. ज्यांचा संकेतशब्द सारखा, त्यांचा कूटलेखही सारखा. आणि प्रत्येकाने स्वतःच्या आठवणीसाठी लिहून ठेवलेली सूचना त्याच यादीत शेजारी उघड्या मजकुरात होती. एकच कूटलेख असलेल्या हजारो माणसांच्या सूचना एकत्र वाचल्या, की त्यांतल्या एखाद्या भाबड्या सूचनेवरून सगळ्यांचा संकेतशब्द कळत असे. सर्वाधिक वेळा आलेला कूटलेख सुमारे १९ लाख खात्यांवर होता, आणि त्याचा अर्थ ‘१२३४५६’ हा निघाला.

एटीएमच्या व्यवहारात हाच धोका वेगळ्या प्रकारे टाळलेला आहे, आणि ती तजवीज जवळून पाहण्यासारखी आहे. चार अंकी पिनची एकंदर १०,००० मूल्ये. ती जशीच्या तशी सायफरमध्ये घातली असती, तर एका किल्लीखाली १०,००० ओळींच्या कोष्टकात सगळ्या ग्राहकांचे पिन मावले असते. म्हणून पिनचा ६४ बिटांचा खंड असा रचतात: सोळा जागांपैकी पहिल्या जागी ०, दुसऱ्या जागी पिनची लांबी ४, पुढे पिनचे चार अंक, आणि उरलेल्या दहा जागी ‘एफ’ हे भरतीचे चिन्ह. मग कार्डावरील क्रमांकाचा शेवटचा पडताळणीचा अंक सोडून त्याअगोदरचे बारा अंक घेतात, त्यांच्यापुढे चार शून्ये ठेवून दुसरी सोळा जागांची ओळ तयार करतात, आणि दोन ओळी ‘एक्सॉर’ या क्रियेने एकमेकींत मिसळतात. दोन बिट सारखे असतील तेथे ० आणि निराळे असतील तेथे १, एवढीच ही क्रिया. परिणामी दोन ग्राहकांचा पिन एकच असला, तरी कार्ड निराळे असल्यामुळे सायफरमध्ये जाणारे खंड निराळे होतात. खंडाची रुंदी पिनपेक्षा कितीतरी मोठी असल्यामुळेच या मिसळीला जागा मिळाली.

लांबलचक मजकुरासाठी ईसीबीऐवजी दीर्घकाळ वापरात राहिलेला मोड म्हणजे ‘सायफर ब्लॉक चेनिंग’ अथवा सीबीसी. यात मजकुराचा प्रत्येक खंड सायफरमध्ये जाण्यापूर्वी अगोदरच्या कूटखंडाशी एक्सॉर केला जातो. पहिल्या खंडाला अगोदरचा कोणी नसतो, म्हणून त्याच्यासाठी एक यादृच्छिक आरंभमूल्य घेतात, आणि ते शत्रूला अगोदर ओळखता येऊ नये अशी अट असते. ही अट न पाळल्यामुळे वेबच्या सुरक्षेत पडलेले छिद्र २०११ साली उघडकीस आले. शेवटचा खंड अपुरा राहिला तर त्याला भर घालावी लागते, आणि ती भर बरोबर आहे की नाही एवढे जरी उत्तर देणाऱ्या यंत्राच्या बोलण्यातून शत्रूला कळले, तरी तो मजकूर एकेक अक्षर करीत वाचू शकतो, हे सर्ज व्होदने यांनी २००२ साली दाखवले. पण ईसीबीचा मूळ दोष सीबीसीत राहत नाही: सारखे खंड शेजारच्या इतिहासानुसार निरनिराळी रूपे घेतात.

आता मूळ प्रश्नाकडे यावे. सीबीसीमधून बाहेर पडणारे कूटखंड यदृच्छेने निवडल्यासारखे दिसतात. परंतु ते मर्यादित मूल्यांतूनच निवडले जात असल्यामुळे केव्हातरी दोन कूटखंड योगायोगाने सारखे येणारच. केव्हा? एका खोलीत २३ माणसे जमली, तर त्यांपैकी कोणत्यातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते, कारण २३ माणसांच्या जोड्या २५३ होतात. येथेही तोच हिशेब लागू पडतो. खंड ६४ बिटांचा असेल, तर २ चा ३२वा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी खंड झाले, की त्यांतल्या कोणत्यातरी दोहोंची गाठ पडण्याची शक्यता सुमारे ३९ टक्क्यांवर येते. एक खंड ८ बाइटचा, म्हणजे हा सगळा मजकूर अवघा ३४ गिगाबाइट भरला. ६४ बिटांचा निम्मा ३२. खंडाच्या बिटांचा निम्मा घात घ्यावा, तेथे धोक्याची सीमा, असा हा नियम आहे.

अशी गाठ पडली म्हणजे काय होते, हे बारकाईने पाहू. समजा, शंभराव्या आणि हजाराव्या जागचे कूटखंड सारखे निघाले. सायफर एका किल्लीखाली दोन निराळ्या खंडांना एकच उत्तर देत नाही, तेव्हा त्या दोन जागी सायफरमध्ये शिरलेले खंडही सारखेच असले पाहिजेत. शिरलेला खंड म्हणजे मजकुराचा खंड आणि त्याअगोदरचा कूटखंड यांचे एक्सॉर. नव्व्याण्णवावा आणि नऊशे नव्व्याण्णवावा कूटखंड शत्रूच्या डोळ्यांसमोर आहेतच; ते दोन्ही परस्परांशी एक्सॉर केले, की मजकुराच्या शंभराव्या व हजाराव्या खंडांचे एक्सॉर त्याच्या हाती येते. त्यांपैकी एक खंड त्याला ठाऊक असेल, जसा की प्रत्येक पानावर येणारा ठराविक मथळा, तर दुसरा तत्क्षणी उघडा पडतो. या सगळ्या गणितात किल्लीचा उल्लेख कोठेही आलेला नाही. किल्ली ५६ बिटांची असो, १६८ बिटांची असो वा त्याहून लांब असो, निष्पत्ती एकच.

हे केवळ कागदावरचे भय नव्हते. २०१६ साली फ्रान्समधील इन्रिया या संशोधन संस्थेतील कार्तिकेयन भार्गवन आणि गायतां ल्यरां यांनी ‘स्वीट ३२’ या नावाने हा हल्ला प्रत्यक्षात करून दाखवला. तिहेरी डीईएस वापरणाऱ्या सुरक्षित वेबजोडणीवर सुमारे ७८५ गिगाबाइट वाहतूक घडवून आणून त्यांनी दोन दिवसांच्या आत ग्राहकाची ओळख पटवणारी गुप्त खूण हस्तगत केली. याच संशोधनाच्या तडाख्यात ब्लोफिश हा सायफरही सापडला. ब्रूस श्नायर यांनी १९९३ साली रचलेल्या या सायफरची किल्ली ४४८ बिटांपर्यंत लांबवता येते, अमेरिकेच्या आजच्या सरकारी मानकाहून अधिक. परंतु त्याचा खंड ६४ बिटांचा, आणि म्हणून त्या लांब किल्लीचा येथे काहीही उपयोग झाला नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेने त्यानंतर तिहेरी डीईएसच्या एका किल्लीसंचाखाली २ चा २०वा घात, म्हणजे सुमारे साडेदहा लाख खंडांपलीकडे जाऊ नये असे बंधन घातले, आणि २०२३ अखेर नव्या कूटलेखनासाठी तो पूर्णतः बंद केला.

सुदैवाने पर्याय तोवर तयार होऊन रुळला होता. १९९७ साली त्याच संस्थेने नव्या मानकासाठी जगभरातून योजना मागवल्या तेव्हाच खंड १२८ बिटांचा असावा आणि किल्ल्या १२८, १९२ व २५६ बिटांच्या असाव्यात ही अट घातलेली होती. पंधरा योजनांची खुली छाननी झाली, पाच अंतिम फेरीत आल्या, आणि २००० सालच्या ऑक्टोबरात बेल्जियमचे योआन डेमन व व्हिन्सेंट रेमन यांच्या ‘राइनडाल’ची निवड झाली, २००१ साली ती ‘एईएस’ या नावाने मानक म्हणून प्रसिद्ध झाली. खंडाचे बिट दुप्पट झाले म्हणजे सुरक्षित मजकुराचे माप दुप्पट झाले असे कोणी समजू नये. धोक्याची सीमा आता २ चा ६४वा घात इतक्या खंडांवर गेली, आणि खंड १६ बाइटचा असल्यामुळे तो मजकूर सुमारे साडेएकोणतीस कोटी टेराबाइट भरतो. ३४ गिगाबाइटपासून येथवर!

एईएसच्या तिन्ही रूपांत खंड मात्र एकच, १२८ बिटांचा. किल्ली १२८वरून २५६ बिटांवर नेली, की रूपांतराची आवर्तने १०वरून १४ होतात आणि सर्व किल्ल्या धुंडाळणाऱ्याचे काम कल्पनेपलीकडे वाढते. परंतु एका किल्लीखाली किती मजकूर पाठवावा ही मर्यादा तसूभरही हलत नाही. किल्ली खंडाहून लांब असल्याचा एक सूक्ष्म परिणामही नोंदवण्यासारखा आहे: मजकुराचा एक खंड व त्याचा कूटखंड एवढीच जोडी ठाऊक असली, तर २५६ बिटांच्या किल्ल्यांपैकी सुमारे २ चा १२८वा घात इतक्या किल्ल्या तिला सारख्याच लागू पडतात, आणि खरी किल्ली कोणती हे ठरवायला आणखी जोड्या लागतात. परंतु एवढ्यावर संरक्षणाची भिस्त ठेवता येत नाही, कारण प्रत्यक्षातील कोणत्याही दस्तऐवजात असे हजारो खंड असतात.

आजच्या वेबवर सर्वाधिक चालणारे मोड सीबीसीहून निराळ्या जातीचे आहेत. डिफी व हेलमन यांनी १९७९ साली सुचवलेला आणि २००१ साली मानकात आलेला ‘काउंटर’ मोड मजकूर सायफरमध्ये घालतच नाही. तो १, २, ३ अशा वाढत्या गणतीला एक अनन्य आरंभक्रमांक जोडून ते खंड सायफरमध्ये घालतो, आणि बाहेर येणारी बिटांची धार मजकुराशी एक्सॉर करतो. यामुळे भर घालावी लागत नाही आणि सगळे खंड एकाच वेळी हाताळता येतात. मात्र एकाच किल्लीखाली तोच आरंभक्रमांक दोनदा वापरला, तर दोन मजकुरांवर तीच धार पडते, आणि त्यांचे कूटलेख परस्परांशी एक्सॉर करताच ती धार नाहीशी होऊन दोन मजकुरांची मिसळ शत्रूपुढे उघडी राहते. खंडाच्या रुंदीचे बंधन येथेही सुटत नाही: धारेतील खंड कधीच परत येत नाहीत ही गोष्टच निम्म्या घाताच्या सीमेजवळ शत्रूला मजकुराविषयी माहिती पुरवू लागते.

शिवाय गुप्तता म्हणजे सत्यता नव्हे. काउंटर मोडमध्ये कूटलेखाचा एक बिट वाटेत कोणी उलटवला, तर मजकुराचा तोच बिट उलटतो आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. रकमेच्या आकड्यात असे झाले तर काय अनर्थ होईल हे सांगायला नको. म्हणून २००७ साली मानक झालेल्या ‘गाल्वा काउंटर’ मोडमध्ये मजकुराबरोबर रुजवातीचा एक शिक्काही जातो, आणि तो जुळल्यावाचून मजकूर स्वीकारला जात नाही. वेबच्या सुरक्षेचा २०१८ सालचा करार, टीएलएस १.३, कूटलेखन व रुजवात एकत्र करणारे असेच मोड मान्य करतो. सीबीसीला त्यात जागा उरलेली नाही. याही मोडला मर्यादा आहेत: एका संदेशाची लांबी सुमारे ६४ गिगाबाइटपलीकडे जाऊ शकत नाही, आणि आरंभक्रमांकाची पुनरावृत्ती झाली तर मजकुराबरोबर शिक्का बनावट करण्याचे साधनही शत्रूच्या हाती जाते.

एईएस रचला गेला तेव्हा १२८ बिटांचा खंड विपुल वाटत होता. आज एकेका कंपनीच्या भांडारांतून दररोज जो मजकूर वाहतो, त्याचे माप तेव्हाच्या अंदाजांपलीकडे गेले आहे. आणि शत्रूला ३९ टक्के संधी देऊन कोणी शहाणा मनुष्य समाधान मानत नाही, तर संधी कोटीत एकाहूनही कमी असावी असे तो पाहतो, म्हणून व्यवहारातील सीमा गणितातील सीमेच्या पुष्कळ अलीकडे आखावी लागते. या विचारानेच अमेरिकेच्या मानक संस्थेने २०२४ सालच्या डिसेंबरात राइनडालचे २५६ बिटांच्या खंडाचे रूप मानक करण्याचा प्रस्ताव मांडला. डेमन व रेमन यांनी आपल्या मूळ रचनेत ही सोय पहिल्यापासून ठेवलेली होती. किल्लीची कमाल लांबी २५६ बिटांवर तशीच ठेवून केवळ खंड रुंद करण्याची गरज एका राष्ट्राच्या मानक संस्थेला भासावी, यातच या लेखाच्या प्रतिपाद्याचा पुरावा आहे.

तेव्हा वाचकांना विनंती आहे ती ही. एखादी संस्था आपल्या माहितीच्या सुरक्षिततेची ग्वाही किल्लीच्या एका आकड्याने देऊ लागली, तर त्या आकड्याला मान द्यावा, पण तेथेच थांबू नये. सायफरचा खंड किती बिटांचा आहे, तो कोणत्या मोडमध्ये चालवला जातो, एका किल्लीखाली किती मजकूर गेल्यावर ती बदलली जाते, आणि मजकुराच्या सत्यतेची रुजवात होते की नाही, हे चार प्रश्न विचारावेत. संगणकाचे शिक्षण घेणाऱ्या तरुणांनी तर ते आपल्या प्रत्येक कामात स्वतःलाच विचारावेत, कारण उद्याच्या बँका, इस्पितळे आणि सरकारी दफ्तरे त्यांच्याच हातून उभी राहणार आहेत. या चार प्रश्नांची समाधानकारक उत्तरे ज्या व्यवस्थेपाशी नाहीत, तिची किल्ली कितीही लांब असली तरी तिच्यावर गुपित सोपवू नये.